पाठीला समजाव

वर्षअखेरचं भाषण मालक स्वतः लिहायचे. बाकी प्रत्येक कामाला माणूस होता, पण भाषणाला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. तीन भाग ठरलेले: काय कमावलं, काय गमावलं आणि मी काय शिकलो. पहिला भाग ते झोपेतही लिहू शकले असते. दुसऱ्या भागात दुसऱ्यांच्या चुका असायच्या. घोडं अडायचं ते तिसऱ्यापाशी. आता आपल्याला शिकायचं काही उरलेलं नाही, अशी त्यांची मनातून खात्री होती, पण तसं स्टेजवरून म्हणता येतं थोडंच!

यंदा मात्र तिसरा भाग पहिल्या झटक्यात जमला. ‘या वर्षी मी ऐकायला शिकलो.’ वाक्य लिहून त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मालकांचा गाद्यांचा कारखाना. भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू झालेला. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत संसार. तेव्हा एक पद्धत पडली ती पडलीच. नवीन तऱ्हेची गादी झाली की पहिला नग दुकानात जायचा नाही, घरी जायचा, आणि त्यावर मालकांची बायको झोपायची. जिन्यावरून पडल्यापासून तिची पाठ फार हळवी झाली होती. कितीतरी रात्री झोपून मग ती सांगायची, ‘कुशीवर वळलं की खांदा रुततो,’ किंवा ‘पहाटे कंबर खाली जाते.’ मिस्त्री ते ऐकून एखादा थर काढायचे, एखादा घालायचे, आणि नग पुन्हा घरी. हे मिस्त्री म्हणजे कारखान्यातला पहिला माणूस. सगळे थर त्यांच्या हातचे. वहिनींच्या पाठीने हो म्हटल्याशिवाय ते गादीला शेवटचा टाका घालत नसत.

पुढे प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर वहिनींचा फोटो शिवला जाऊ लागला. खाली वाक्य: ‘आधी मी झोपले, मग तुमच्याकडे पाठवली.’ गिऱ्हाइकं गादी दाबूनसुद्धा बघायची नाहीत, फोटो बघून उचलायची. नातेवाईक चिडवायचे, “बायको झोपते आणि नवरा कमावतो, असं घर आम्ही नव्हतं बुवा पाहिलं!” मालकही हसायचे. हसायला काय जातंय, गाद्या खपत होत्या.

यंदा त्या फोटोला बट्टा लागला. वहिनींनी ‘छान आहे’ म्हटलेली नवी गादी वर्षाच्या मध्यावरच बसली. मधोमध खड्डा! लोकांच्या कमरा धरल्या, शिव्याशाप सुरू झाले, दुकानांतून ट्रकच्या ट्रक परत आले. मालकांनी मिस्त्रींना सगळ्या कामगारांसमोर उभं केलं.

“थर तुम्ही लावलेत ना?”

“लावले. पण मालक, वहिनींनी पास केली होती.”

“मग काय, माझी बायको खोटं बोलली?”

मिस्त्रींना उभ्याउभ्या कामावरून काढलं. मान खाली घालून गेले. जाताना कात्री तेवढी घेऊन गेले, ती त्यांची स्वतःची होती.

भाषणाच्या दुसऱ्या भागात हे प्रकरण एका ओळीत आलं होतं. ‘विश्वास चुकीच्या माणसावर ठेवला.’ नाव घेतलं नव्हतं, आणि तो आपला मोठेपणा आहे असं मालक धरून चालले होते.

आता सुधारलेली गादी तयार होती, नव्या इंजिनिअरने केलेली. भाषणाच्या दिवशी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये सगळे दुकानदार जमणार होते, आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, “वहिनींनी स्वतः स्टेजवर येऊन सांगितलं तर माल उचलू. नाहीतर तुमची गादी तुम्हालाच लखलाभ.” माल उचलला गेला नाही तर कारखान्याला कुलूप, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. म्हणजे सगळा डोलारा बायकोच्या एका वाक्यावर उभा. मालक निश्चिंत होते. वाक्य तिला तोंडपाठ होतं, आणि सुधारलेली गादी ‘छान आहे’ असं तिने फोनवर सांगितलंही होतं.

त्या दिवशी सकाळी कोटाचं बटण तुटलं. सुईदोरा शोधत मालक बायकोच्या खोलीत गेले. हो, बायकोची खोली वेगळी होती. रात्री-अपरात्री फोन येतात, तुझी झोपमोड नको, असं म्हणून ते केव्हाच पलीकडच्या खोलीत गेले होते. पुढे फोन यायचे थांबले, पण मालक काही परतले नाहीत. बटण हातात घेऊन ते पलंगावर टेकले आणि बुडाखाली काहीतरी चुरचुरलं.

त्यांनी चादर उचलली. खाली प्लास्टिक. कारखान्यातून निघताना घातलेलं, चिकटपट्टीसकट, जसंच्या तसं. वाकून पाहिलं तर पलंगाखाली एक जुनी सतरंजी आणि चपटी उशी गुंडाळून ठेवलेली.

बायको केस पुसत आत आली. सगळं बघितलं आणि दारातच थांबली.

“अगं, हे काय? यावर झोपलीच नाहीस तू?”

“नाही.”

“मग छान आहे म्हणून कशाला सांगितलंस?”

“तुम्ही फोनवर काय विचारलंत आठवतंय? ‘छान आहे ना?’ असं विचारलंत. कशी आहे, असं कुठे विचारलं होतं?”

मालकांनी हातातली चादर सोडली. “आणि ती आधीची? बसली ती?”

“तीही उघडली नव्हती. खालीच झोपते मी.”

“कधीपासून?”

ती खुर्चीवर बसली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. “अहो, त्याच्याही आधीच्या गादीला मी म्हटलं होतं, डावी बाजू बसते, पाठ धरते. तेव्हा काय म्हणालात? ‘माल बाहेर गेलाय. आता पाठीला समजाव.’ समजावलं मी पाठीला. तिला जमिनीवर घेतलं.”

मालकांना ते बोलणं आठवेना. आपण तसं म्हटलं असणार, एवढं मात्र कळलं.

“म्हणजे मिस्त्री...” ते पुटपुटले.

“चोर सोडून संन्याशाला फाशी.” तिचे डोळे भरले. “त्यांना काढलंत तेव्हा मी बोलायला हवं होतं. घाबरले. तुम्हाला नाही, मला स्वतःलाच. हे सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणावं लागलं असतं. आज म्हणते. सगळ्यांसमोर सांगते, मी झोपले नव्हते, मिस्त्रींचा दोष नाही. त्यांना परत बोलवा. दोन्ही गाद्यांवर मी झोपेन, ते थर लावतील. दुकानदार थांबायचे तर थांबतील.”

वास्तविक शिकायची वेळ ती हीच होती. ऐकायला शिकलेला माणूस समोर बसला होता, सांगणारी समोर होती. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आज नको गं. आज फक्त नेहमीचं वाक्य म्हण. एवढी वेळ निभावून ने. मिस्त्रींचं आपण नंतर बघू.”

“नंतर?”

“बघू म्हटलं ना!”

ती खुर्चीवरून उठली. मग त्यांच्या हातातलं बटण घेतलं, सुईत दोरा ओवला आणि बटण लावून दिलं. “बरं,” म्हणाली.

दुपारी हॉल भरला. मालकांनी काय कमावलं ते सांगितलं, टाळ्या पडल्या. मग दुसरा भाग आला. ‘विश्वास चुकीच्या माणसावर ठेवला’ ही ओळ समोर दिसली आणि ते क्षणभर थांबले. गाळता आली असती. पहिल्या रांगेत बायको बसली होती, तिची नजर कागदावर नव्हती, त्यांच्यावर होती. पण मागचे दुकानदार ताटकळले होते आणि ओळ गाळली तर खड्डा कुणाच्या माथी मारायचा? मालकांनी ओळ वाचली. जरा ठासूनच वाचली. मग ऐकायला शिकल्याचंही वाचलं, आणि त्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या.

बायको स्टेजवर आली. माईकसमोर ती नुसतीच उभी राहिली. मालकांना वाटलं, आता ही बोलणार, मेलो!

“आधी मी झोपले,” ती म्हणाली, “मग तुमच्याकडे पाठवली.”

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण ती पुढे बोलली. “मागच्या वेळी मला त्रास झाला तो तुम्हालाही झाला. या गादीवर पहिल्या रात्री डावी कूस जरा अवघडली. पण नंतर पहाटे उठले तर कंबर आहे की नाही तेच कळेना, इतकी हलकी!” हॉल हसला. तीही गोड हसली. आवाज मऊ, सावकाश, कुठेही न अडखळणारा. प्लास्टिक डोळ्यांनी पाहिलेल्या मालकांनासुद्धा वाटलं, झोपली असेल बुवा. दुकानदारांनी तिथल्या तिथे माल मागितला.

घरी येताना मालकच गाडी चालवत होते. जीव भांड्यात पडला होता. जग जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि मिस्त्रींचं उद्यापरवा बघता येईल असंही वाटत होतं. शेजारी बायको खिडकीबाहेर बघत बसली होती.

“माझं भाषण कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“छान झालं.”

तोच आवाज. मऊ, सावकाश, न अडखळणारा. मालकांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हा आवाज आज दुपारचा नव्हता. नवं घर बांधलं तेव्हा ‘छान झालंय’ म्हणाली ती याच आवाजात. तुम्ही पलीकडे झोपलात तर चालेल मला, हेही याच आवाजात. दर वर्षी भाषणानंतर, दर वाढदिवसाला, ‘सुखी आहेस ना?’ म्हटल्यावर ‘आहे की!’ हेसुद्धा. त्यांनी एकेक आठवून पाहिलं, आणि वेगळा आवाज असलेलं एकही उत्तर त्यांना सापडेना.

“खरं सांग,” ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली आणि स्टेजवर हसली होती तशीच हसली.

“अहो, खरंच छान झालं.”