वरून सरळ रेघ

तोंडाचा पट्टा हेच माझं भांडवल. विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे माझं, आणि गिऱ्हाईक खुर्चीला टेकायच्या आत मी त्याला अर्धं विमानात चढवलेलं असतं. त्या दुपारी समोरच्या दुकानातला चष्मेवाला आला होता. त्याला ज्या शहरात जायचं होतं, तिथेच माझा दादा राहतो.

"फार लांब पडतं हो ते," चष्मेवाला कुरकुरला.

"लांब? अहो, रस्त्याने डोंगराला वळसे घालत बारा तास लागतात, कबूल. पण वरून सरळ रेघ! तीनशे किलोमीटरसुद्धा नाही. पन्नास मिनिटं. दोन्ही विमानतळ एवढेएवढेसे, रांगा नाहीत की धावपळ नाही. सकाळी जा, काम उरका, संध्याकाळी घरी. लांब म्हणणाऱ्याला मुळात जायचंच नसतं, मी सांगते ना!"

बोलता बोलता संगणकावरून मान वर केली, तर दारात आई. मी विसरलेला डबा द्यायला आली होती.

चार वर्षं दादाने घरी पाऊल टाकलेलं नाही. "मधे विमान बदलावं लागतं गं, येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात," हे आईला मीच सांगत आलेय. तिच्या जिवाला लागू नये म्हणून. आता धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

ओरडली असती तर परवडलं असतं. पण तिचा चेहरा केवढा उजळला होता!

"पन्नास मिनिटं? अगं, मग त्याला हे ठाऊकच नसेल! कामाच्या धबडग्यात कोण सांगणार त्याला? लाव फोन."

"आई, गिऱ्हाईक आहे ना."

"थांबतो मी," चष्मेवाला म्हणाला. मेला नेमका आजच समजूतदार निघाला.

फोन लावला. आई माझ्या कानाला कान लावून उभी राहिली.

"दादा," मी म्हणाले, आणि माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, "इकडे यायला विमानाला पन्नासच मिनिटं लागतात."

"वेड लागलंय का तुला?" दादा हसला. "दर महिन्याला माझं तिकीट कोण काढतं? तूच ना? बरं, येत्या मंगळवारचंही काढून ठेव. सकाळी येऊन संध्याकाळी परत. आणि आईला कळू देऊ नकोस, नाहीतर घरी ये म्हणून मागे लागेल."

मी फोन ठेवला. चष्मेवाला उगाचच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. मला मान वर करवेना.

"आई, अगं, तो कामात असतो म्हणून..."

"त्याचं राहू दे," आई म्हणाली. "तो लांब होता. तू तर घरातच होतीस ना गं?"