भावाच्या कार्डावर

पत्रा कापायच्या मशीनमध्ये नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, आणि दवाखान्याच्या कागदावर जखमी म्हणून नाव लागलं तिच्या धाकट्या भावाचं. त्या कारखान्यात एकमेकांची शिफ्ट मारायची पद्धतच होती. ज्याची शिफ्ट, त्याचं कार्ड खिशात घालून आत शिरायचं. फोरमन बघून न बघितल्यासारखं करायचा. भावाची मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून नवरा त्याचं कार्ड घेऊन मेहुण्याच्या मदतीला धावला. चांगुलपणा अंगाशी आला तो असा.

आज विमा कचेरीचा तपासनीस वॉर्डात येणार होता.

"ताई, पेशंटची बहीण आहे म्हणून सांग," भाऊ हळूच म्हणाला. "खरं कळलं तर माझी नोकरी जाईल. एवढा तपास होऊन जाऊ दे, पुढचं पुढे बघू."

"पुढचं म्हणजे काय रे? विम्याची पेन्शन तुझ्या नावावर आणि हात यांचा?"

"दर महिन्याला आणून देईन. तुझी शपथ."

देईलही बिचारा. पण उद्या डॉक्टरांनी हात दाखव म्हटलं, तर हा काय धडधाकट पाच बोटं दाखवणार? नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मेहुण्याला तोंडघशी पाडायचं नाही आणि घरही उपाशी ठेवायचं नाही, हे दोन्ही जमेना, म्हणून त्याने सगळं तिच्यावर सोडलं होतं. पुरुषांचं हे बरं असतं!

तपासनीस आला तो घाईतच. त्याने कागद चाळले, बँडेजकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

भाऊ पाण्याचा ग्लास घेऊन शेजारीच उभा होता.

"बायको," ती म्हणाली. "पण कागदावरचं नाव यांचं नाही."

तपासनीसाची घाई एकदम उतरली. "मग या नावाचा माणूस कुठे आहे?"

पहिल्या प्रश्नाची तिने रात्रभर तयारी केली होती. हा तिच्या ध्यानीमनीही नव्हता. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं? ती साहेबाच्या बुटांकडे बघत राहिली.

भावाने ग्लास खाली ठेवला. "मीच तो, साहेब. माझ्या शिफ्टला दाजी गेले होते. फोरमनलाही ठाऊक होतं."

तपासनीस लिहू लागला. भाऊ तिच्याकडे बघत नव्हता. तिला हायसं वाटलं, अगदी मनापासून हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली, की नवऱ्याने डाव्या हाताने तिचा हात धरला तेव्हा तिने तो सोडवून घेतला.