सोड म्हटलं की

या, जवळ सरका. जिथे आहात तिथून वीतभर पुढे या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. एका शिंप्याची गोष्ट सांगायची आहे, आणि त्याच्या तोंडून निसटलेल्या दोन अक्षरांची. दोनच अक्षरं हो! देवाचं नाव दोन अक्षरांत मावतं, आणि माणसाची वर्षभराची झोप उडायलाही तेवढीच पुरतात.

शिंप्याचं दुकान पुलाच्या अलीकडे, जिन्याखालच्या खोलीत. एक मशीन, एक इस्त्री, खुंटीवर आखूड करायला आलेल्या पँटी. संध्याकाळी पाच वाजले की तो पायडलवरचा पाय काढायचा आणि गळ्यातली टेप न उतरवताच मागच्या खडीच्या मैदानावर जायचा. तिथे त्याचा फुटबॉलचा क्लब होता, चौदा वर्षांखालच्या मुलींचा. पोरी आधी त्याला सर म्हणत. मग त्याची सख्खी भाची सहाव्या वर्षी मैदानात उतरली, ती पडली मामा म्हणणारी, आणि महिनाभरात तो अठरा जणींचा मामा झाला. भाचीचं नाव त्याने ठेवलं कात्री. समोरच्याच्या पायातला बॉल ती असा काढून न्यायची, की कापड फाटल्याचा आवाजही येऊ नये.

त्या क्लबाचे काय दिवस होते! ओळीने चार वर्षं करंडक. पुलापलीकडचा क्लब तेव्हा अगदी लिंबूटिंबू. अंगावर किती गोल चढले ते मोजायला त्यांच्या आईबापांची बोटं पुरत नसत. बॉलमध्ये हवा भरायचा पंपसुद्धा ते मामाकडून मागून न्यायचे आणि परत करताना नळी हरवायचे.

मग वारं फिरलं. पलीकडच्या मैदानावर हिरवी, मऊ, खोटी हिरवळ अंथरली गेली. कपडे बदलायला खोली आली. पाठोपाठ एक तरुण प्रशिक्षक आला, काखेत पांढरा फळा घेऊन. तो पोरींना बाण काढून दाखवायचा, म्हणून सगळे त्याला फळावाले सर म्हणू लागले. मामाकडून पहिली गेली ती गोलकीपर. तिच्या आईने निरोप धाडला, "बस तिकडचीच सोयीची पडते." मग दोघी बहिणी गेल्या. मग जिच्यासाठी कुठलीच बस सोयीची नव्हती, तीही गेली. दर वेळी मामा दुकानात बसून तिच्या जर्सीवरचा आकडा उसवायचा आणि लहान वयोगटातल्या एखादीच्या पाठीवर शिवायचा. आकडे तेच राहिले, पाठी लहान होत गेल्या.

कात्री जाईल असं मात्र त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सांगायला आली त्याची धाकटी बहीण, कात्रीची आई. ती दवाखान्यात जखमा बांधायचं काम करायची. दुकानात शिरली ती उभ्यानेच बोलली.

"दादा, पुढच्या सोमवारपासून ती पलीकडे जाईल."

"बस सोयीची पडते का?"

"टोमणे मारू नकोस. तिचा गुडघा बघितलास? या वर्षात तिसऱ्यांदा शिवला. तू कापडाला टाके घाल रे, माझ्या पोरीला नको."

"खडी मी थोडीच पेरली?"

"मी कुठे तसं म्हणतेय? तुझ्याकडे खडी आहे, त्यांच्याकडे हिरवळ आहे. एवढंच."

तो सुईत दोरा ओवायला गेला आणि चार वेळा चुकला.

आता त्या दोन अक्षरांकडे येऊ. मामाच्या मैदानावर एक शिस्त होती. बचावातल्या मुलीच्या पायाशी बॉल आला आणि मागून "सोड!" ऐकू आलं, की बॉलला स्पर्श करायचा नाही. पाय उचलायचा, बॉल खालून जाऊ द्यायचा, मागची बघून घेईल. कोण ओरडलं, का ओरडलं, वळून पाहायचं नाही. मामाने हे सहा-सहा वर्षं घोटून घेतलं होतं. डोळे मिटायला लावायचा, "सोड!" म्हणायचा, आणि ओळीतल्या सगळ्या पोरींचे उजवे पाय एकदम वर. बाकी सगळीकडे सोड म्हणजे पास दे, अडकवून ठेवू नकोस. एकाच शब्दाचे दोन क्लबांत दोन उलटे अर्थ.

व्हायचं तेच झालं. नव्या क्लबातल्या पहिल्याच आठवड्यात कात्री चड्डीचा नाडा बदलून घ्यायला दुकानात आली आणि स्टुलावर बसून पाय हलवत राहिली.

"मामा, आज सगळ्या मला हसल्या."

"का गं?"

"सर ओरडले, सोड! मी पाय उचलून उभी. ते म्हणाले, हे काय, बगळा आणलाय का कुणी?"

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. कात्रीही हसली, पण अर्धवट.

"आता सवय मोडतेय. तरी मागून कुणी जोरात म्हटलं ना, की पाय आपोआप उठतो. डोक्याला कळायच्या आत."

"मोडेल हळूहळू," मामा म्हणाला. ती गेल्यावर तो दाराशी येऊन उभा राहिला, आत गेला, पुन्हा दाराशी आला. आपण कशाला एवढे खूश झालो, ते त्याचं त्यालाच कळेना.

वर्ष सरत आलं आणि दैवाने असं जुळवलं, की शेवटचा सामना याच दोन क्लबांचा. पलीकडच्यांचा करंडक आधीच नक्की झाला होता, त्यांना हरलं काय नि जिंकलं काय, सारखंच. मामाला मात्र एक गुण हवाच होता. बरोबरी झाली तर तो पहिल्या गटात राहणार, हरला तर दुसऱ्या गटात घसरणार. आणि मैदानाची संध्याकाळची वेळ पहिल्या गटातल्यांनाच मिळायची, बाकीच्यांना भर दुपार. दुपारी पोरी शाळेत. म्हणजे गट गेला की वेळ गेली, वेळ गेली की पोरी गेल्या, पोरी गेल्या की उरली नुसती खडी.

आठवडाभर मामाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड करून दिला. इस्त्री पेटती ठेवून मैदानावर गेला आणि अर्ध्यातून पळत परत आला.

सामना खडीवरच झाला. रेफरी होते ते एरवी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, त्यामुळे शिट्टी वाजली की कुणीतरी ओरडायचंच, "आधी स्वतःचा नंबर तपासा हो!" पलीकडच्यांनी पहिल्या अर्ध्यातच गोल चढवला. मग खेळ नुसता अडकून राहिला. मामा कडेच्या रेघेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. टेपची दोन्ही टोकं मुठीत.

दहा मिनिटं उरली तेव्हा त्याने तुडतुडीला आत धाडलं. ही त्याची सगळ्यात लहान खेळाडू, अकरा वर्षांची. जर्सी मांडीपर्यंत, मागून तीन टाचण्या. वर्षभर तिने बाकावर बसून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं मोजली होती. हिला आणलं, कारण दुसरी उरलीच नव्हती.

"मामा, मी कुठे उभी राहू?"

"उभी राहू नकोस. धाव!"

ती धावली. बॉल असेल तिथे, नसेल तिथे, सगळीकडे. प्रेक्षक हसत होते. आणि शेवटच्या मिनिटात मामाच्या कुठल्याशा पोरीने आंधळेपणाने बॉल पुढे भिरकावला. तो खडीवर टप्पे घेत थेट कात्रीकडे निघाला. तिने नुसता बाहेर मारला असता तरी सामना संपला असता. बॉलच्या मागून तुडतुडी पळत येत होती. मामा रेघेवर होता, कात्रीपासून सात-आठ पावलांवर.

"सोड!"

कात्रीचा उजवा पाय उचलला गेला. बॉल खालून निघून गेला. पलीकडची गोलकीपर जागची हललीसुद्धा नव्हती, तिला वाटलं कात्री मारणारच. तुडतुडी दोघींच्या मधून गेली आणि पायाच्या नुसत्या टोकाने बॉल जाळीत ढकलला.

एक-एक. शिट्टी. सामना संपला.

मामाच्या पोरी एकमेकींवर कोसळल्या. तुडतुडी सगळ्यात खाली, तिचा फक्त हात बाहेर, आणि तो हात हलत होता. पलीकडे फळावाले सर कात्रीसमोर उभे राहून विचारत होते, "कुणाकडून खेळतेस तू?" दोघीतिघी तिच्या बाजूने जाताना म्हणाल्या, "मामाने तिकडूनच शिवून पाठवलीय हिला!" एकीने भर घातली, "आपल्यालाच मामा बनवलं!" कात्री बाकाच्या टोकाला बसून बुटाचा बंद सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती.

"सोड" कुणाला ऐकू गेलं होतं? त्या गलक्यात फक्त तिला. आणि कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या तिच्या आईला. ती मामाजवळ आली.

"दादा, तू ओरडलास."

"मी आमच्या पोरींना ओरडलो."

"कुठल्या पोरीला?"

मामाने टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली.

"बॉल कात्रीच्या पायाशी होता," बहीण म्हणाली. "तुझी कुठली पोर काय सोडणार होती?"

सामन्याच्या निकालाचा कागद दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या होईपर्यंत रेफरींपाशी असतो. अर्धा तास. तेवढ्यात ज्याला काही सांगायचं असेल त्याने सांगायचं. मामाने मैदानाला एक फेरी मारली. लोक पाठ थोपटत होते, "वाचलो हो मामा!" त्याने दुसरी फेरी मारली आणि बाकाच्या टोकाशी थांबला.

"तू सरांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझे कान अजून इकडेच राहिलेत म्हणून?" कात्री बुटाकडे बघत म्हणाली.

"कात्रे..."

"तू पण काही बोलू नकोस, मामा. दोन आठवडे बडबडतील, मग विसरतील. तुझा क्लब गेला तर परत येणार आहे का?"

तेरा वर्षांची पोर. मामाला तिथे उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. देवाला हाक मारावी म्हटलं तर जीभ चाचरली. आता या तोंडातून निघालेल्या हाकेचा भरवसा काय? तिसरी फेरी अर्धी झाली आणि तो वळून तडक रेफरींच्या टेबलापाशी गेला. ते रुमालाने चष्मा पुसत होते.

"साहेब, गोलच्या आधी मी ओरडलो. माझ्या भाचीने ऐकलं."

"मुद्दाम ओरडलात?"

"तेच कळत नाही. तोंडातून गेलं. कुणासाठी गेलं, ते शोधतोय मघापासून."

"मामा, या कागदावर 'कळत नाही' असा रकाना नाही. हो की नाही?"

मामाने वळून पाहिलं. मागे पोरींचा नाच चालू होता.

"हो लिहा," तो म्हणाला.

समितीने चार दिवसांत निर्णय दिला. बाहेरून आवाज देऊन समोरच्या खेळाडूला चकवलं, सबब गोल रद्द, सामना शून्य-एक. क्लब दुसऱ्या गटात. पालक दुकानात येऊन बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. एकाने शिवायला दिलेलं कापड तसंच परत नेलं. फळावाल्या सरांनी अख्ख्या संघासमोर कात्रीची माफी मागितली. बहिणीने डबा पाठवला, पण दुकानात यायला तिला महिना लागला. वर्षभरात मामाकडे सात पोरी उरल्या. गंमत बघा, पुढच्याच हंगामात फळावाले सर काखेत फळा घेऊन तिसऱ्याच क्लबात गेले आणि सहा चांगल्या मुली त्यांच्यामागे गेल्या. आता हिरवळीवर चिमण्या जास्त आणि खेळाडू कमी. कात्री तिथेच आहे, कप्तान झाली. सोड म्हटलं की पास देते. पण मामा कुठल्याही सामन्याला गेला की ओठ घट्ट मिटून, तोंडावर हात ठेवून उभा राहतो. दोन अक्षरं कुणासाठी निघाली, ते अजून त्याला सापडलेलं नाही. 'हो' लिहून आला, तरी शोध संपलेला नाही.

निकाल कळला त्या दिवशी तुडतुडी दुकानात आली होती. जर्सी परत करायला. टाचण्या तिने स्वतःच काढून मुठीत आणल्या होत्या.

"मामा, मग माझा गोल?"

"रद्द झाला, बाळा."

"पण मी काही ऐकलंच नाही. मी नुसती धावले. तू धाव म्हणालास ना?"

"हो. मीच म्हणालो."

"मग तो कुणाचा होता?"

मामाने मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक फिरवलं नाही. तिने टाचण्या एकेक करून मशीनवर ठेवल्या आणि गेली. पुन्हा खेळायला आली नाही.

मामाच्या खरेपणाचं लोक कौतुक करतात, करावंच. कात्रीचं तर करावंच करावं. त्या दोघांना आठवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा तिसऱ्या एका नावासाठी क्षणभर थांबा, एवढीच विनवणी. तुडतुडीला आठवा. तिने वर्षभरात एकच गोल केला, तो कुणालाही न फसवता केला, आणि तो कुठल्याच कागदावर नाही.