तोलिब-अकांचा रोजा कधी सुटला?

एका जेवणावळीतून माणसाच्या पदरात काय काय पडू शकतं, याचा हिशेब आमच्या गल्लीत तोलिब-अकांइतका, म्हणजे तोलिबदादांइतका, चोख कुणीच मांडला नसेल. रोजेदाराला जेवू घातलं की त्याच्या रोजाइतकंच पुण्य जेवू घालणाऱ्यालाही मिळतं, आणि त्या बिचाऱ्याचं रतीभर कमी होत नाही. म्हणजे सत्तर माणसं जेवली की एका संध्याकाळी सत्तर रोजे जमा! स्वतःचा एक आहेच, तो वेगळा. शिवाय मशिदीत पहिल्या रांगेत, इमामसाहेबांच्या म्हणजे आमच्या दोमलांच्या थेट पाठीमागे जागा. शिवाय मशिदीचे जुने कारभारी म्हातारपणामुळे ताश्कंदला लेकाकडे राहायला गेले होते, आणि किल्ल्यांचा जुडगा सध्या दोमलांच्या झग्याच्या खिशात खुळखुळत होता. तो आवाज ऐकला की तोलिब-अकांना नमाजाचे शब्दसुद्धा मागेपुढे होत.

माणूस लबाड होता असं मात्र समजू नका. आमच्या मार्गिलान गावच्या बाजारात त्यांचं रेशमाचं दुकान; मापात कधी मारलं नाही, नमाज कधी चुकवला नाही. रमजानात तर गिऱ्हाइकानं रेशमाचे दहा तागे उलगडायला लावून काहीच घेतलं नाही, तरी अका हसून म्हणत, "काही हरकत नाही, ताई, रोजात राग कसला!" एवढा गोडवा दिवसभर वाटल्यावर घरी आणायला काही उरत नसे, इतकंच.

दुपारचा नमाज उरकून अका घरी येत आणि जे आडवे होत, ते तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत. तेवढा वेळ घर श्वास रोखून असे. चहाच्या समोवारच्या झाकणाखाली फडकं घातलेलं. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल. कोंबडा भरदुपारी आरवतो म्हणून त्याला महिनाभरासाठी सुनेच्या माहेरी धाडलेलं. एवढं करूनही कुणाच्या हातून चमचा निसटला, की आतून गर्जना होई, "अरे, रोजा आहे माझा! या घरात कुणाला काही वाटतं की नाही?"

जसा काही घरात रोजा एकट्या त्यांचाच! बायको इनोयत आणि सून झेबो, दोघींचेही रोजे असत. दोघी अंधारात उठून पहाटेचं जेवण रांधत आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे उभ्या राहत. मीठ कमी पडलं तर अका भडकत. रोजात चाखून बघता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हतं. मुलगा कामासाठी रशियात, म्हणून घरात उरली चौथी एकच, नात साबोहत. आठ वर्षांची ही पोरगी गल्लीत सगळ्यात मोठ्या आवाजाची; पण फाटकाच्या आत आली की मांजरीच्या पावलांची होई.

तर सोमवारी अकांनी जाहीर केलं, "गुरुवारी आपल्याकडे इफ्तार. सत्तर माणसं."

इनोयत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "गुरुवारी? अहो, गुरुवारी माझं वाचन आहे. ओतिनबाईंकडे."

मुकर्रम ओतिन म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना कुराण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्यांच्याकडे इनोयत दोन हिवाळे जात होती. पन्नाशी उलटल्यावर तिनं अक्षरं गिरवायला घेतली. आधी सून हसली, मग नात हसली, मग नातीनंच तिची उजळणी घ्यायला सुरुवात केली. या गुरुवारी सगळ्या बायकांचं मिळून पूर्ण कुराण वाचून होणार होतं, आणि शेवटचे सूरे, म्हणजे अध्याय, ओतिनबाईंनी इनोयतला दिले होते. जन्मात पहिल्यांदा ती चारचौघींत मोठ्यानं वाचणार होती.

"मग शुक्रवारी वाच," अका म्हणाले. "कुराण कुठे पळून चाललंय?"

"माणसं तरी कुठे पळतायत? ती जेवतील शुक्रवारी."

"दोमलांना गुरुवारच मोकळा आहे. आणि हळू बोल. रोजा आहे माझा."

विषय संपला. बरं, मोठ्या कढईतला ओश, म्हणजे मटण-गाजरांचा पुलाव, रांधायला आमच्याकडे पुरुष आचारी बोलवायची रीत. पण 'घरच्या बायकांच्या हातचं' म्हटलं की पाहुण्यांच्या माना जास्त डोलतात, म्हणून अकांनी आचारीही सांगितला नाही.

गुरुवारी दुपारी अका नेहमीप्रमाणे आडवे झाले होते. अंगणात पिवळ्या गाजरांचा ढीग, आणि ढिगामागे इनोयत आणि झेबो. एवढ्यात फाटक उघडलं आणि फरशीवर काठी वाजली. खण् खण् खण्. झेबोनं घाबरून ओठांवर बोट ठेवलं. पण काठीला काय कळतंय?

"झोपलायस का रे, तोलिब?"

आमच्या गल्लीत त्यांना नुसतं 'तोलिब' म्हणणारं एकच माणूस शिल्लक होतं. अका डोक्यावर टोपी सावरत बाहेर आले.

"या, या, ओतिनबाई! झोपलो कुठे, जरा पाठ टेकली होती."

"रोजेदाराची झोपसुद्धा भक्तीतच धरतात म्हणे. मग तू तर फारच पुढे गेलास रे! इनोयतला न्यायला आलेय. बायका जमल्यात."

"आज? ओतिनबाई, सत्तर माणसं आहेत! पुण्याचं काम."

"कुणाच्या पुण्याचं?"

"म्हणजे... जो जेवू घालतो त्याच्या."

"जेवू घालतंय कोण?" ओतिनबाईंनी काठी गाजरांकडे वळवली. "मटण-तांदूळ तू आणलेस, कबूल. पण सकाळपासून घशाला कोरड घेऊन चुलीपुढे कोण आहे? अरे, खांद्यावर बसून लिहिणारे फरिश्ते काही तुझ्या दुकानात नोकरीला नाहीत, सगळं मालकाच्या नावावर चढवायला!"

गाजरांमागून खुदकन आवाज आला. झेबोला एकदम खोकला आला.

"तुम्ही पण ना!" अका कसनुसं हसले. "मला काय धर्म कळत नाही? तुम्हीच तर शिकवलात."

"शिकवला खरा. धान्याच्या कोठीत, आठवतं? तुझी बहीण दाराशी पहाऱ्याला बसायची."

"विसरेन कसा! कुजबुजत म्हणायचो सगळं. तुम्ही म्हणायचात, अल्लाला कुजबुज ऐकू जाते, शाळेच्या मास्तरला जाता कामा नये." धर्म शिकवायला बंदी असलेल्या सोव्हिएत अमदानीतली ती गोष्ट सांगायला अकांना फार आवडे.

"तो धर्म मी तुला घरात बसून शिकवला, तोलिब. तू तो फक्त मशिदीत वापरतोस. तिथं आवाज मऊ, तिथं माणसाला वाट दे, तिथं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'. उंबऱ्यात जोडे काढतोस, तसा तोही काढून ठेवतोस की काय?"

 अकांना पाहुण्यांची यादी तोंडपाठ होती. "दोमला यायचेत, ओतिनबाई," ते म्हणाले. "तुम्ही वाचून टाका. इनोयतसाठी ताटकळू नका."

"शेवटचे सूरे तिचे आहेत, दुसरं कुणी वाचणार नाही. इफ्तार माझ्याकडेच करू आणि बसू वाट बघत." ओतिनबाई वळल्या. "ताटकळायची आम्हा बायकांना सवय आहे."

इनोयतनं सुरी पुन्हा हातात घेतली. गाजरं मात्र त्यानंतर जरा जाड चिरली गेली.

संध्याकाळी अंगण भरलं. जर्दाळूच्या झाडाखाली लांबलचक दस्तरखान अंथरलं. खजूर, गरम नान, आणि वर्षातून एकदाच मिळणारी पांढरीशुभ्र, अंड्याच्या फेसाची गोड निशाल्दा वाडग्यांतून थरथरत होती. बांग झाली, खजूर तोंडात गेले, नमाज झाला, आणि ओशची ताटं आली. ओश असा जमला होता, की माना ताटांतून वर येईनात. मग दोमला म्हणाले, "वा, तोलिब-अका!" आणि शेजारचा नेमत पाववाला म्हणाला, "वा, तोलिब-अका!" अका मान लववून म्हणाले, "काही नाही हो, घरचंच." तेवढ्यात दोमलांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि किल्ल्या खुळखुळल्या. अकांनी दोमलांच्या पुढ्यात मटणाचा आणखी एक तुकडा सरकवला.

आता शेवटची दुआ बाकी होती. दोमला हात पसरणार, इतक्यात गल्लीच्या टोकाशी कालवा उठला. रमजानची गाणी म्हणत दारोदार फिरणारी पोरं आली होती; चौघांनी चार टोकांना धरलेली चादर, घराघरातून तिच्यात पडणारी मिठाई, आणि बेंबीच्या देठापासून आरोळी:

"रमजान घेऊन आलो दारी,
सुखात राहो मंडळी सारी!"

नेमतच्या दाराशी तर त्यांनी असा सूर लावला की कुत्रं भुंकायला लागलं. पाहुणे हसले. काही जणांनी खिशातून खाऊ काढून ठेवला. पुढचं दार तोलिब-अकांचं.

आणि एकदम शांतता.

"परत फिरली की काय पोरं?" दोमलांनी विचारलं.

फाटकाजवळ बसलेल्या नेमतनं कान दिला आणि तो हसू दाबत म्हणाला, "नाही, दोमला. गातायत. पण... बघा तुम्हीच."

त्यानं फाटक उघडलं. तेल घातलेलं फाटक, आवाज न करता उघडलं. बाहेर सगळी पोरं अर्धगोलात उभी होती आणि गाणं कुजबुजत म्हणत होती. फक्त ओठ हलत होते. पुढे साबोहत, एक हात चादरीला, दुसऱ्याचं बोट ओठांवर. मागचा एक बारका पोरगा जरा मोठ्यानं गायला, तर तिनं वळून त्याला डोळे वटारले.

दोमलांना गंमत वाटली. "का गं, बेटी? घसा बसला?"

"नाही, दोमला." साबोहत हळूच म्हणाली. "आजोबांचा रोजा आहे ना."

"अगं, रोजा मघाशीच सुटला! हे बघ, ओश खातायत तुझे आजोबा!"

पोरीनं आजोबांकडे पाहिलं, मग दोमलांकडे, आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुमच्याकडे संध्याकाळी सुटतो. आमच्याकडे ईदला सुटतो."

सत्तर माणसं हसली! कुणाचा चहा सांडला, कुणाला ठसका लागला. एकटे तोलिब-अका हसले नाहीत. ते त्या पोरीच्या ओठांवरच्या बोटाकडे बघत होते. ते बोट त्यांच्या ओळखीचं होतं! धान्याच्या कोठीच्या दाराशी बसलेली त्यांची बहीण असंच बोट धरायची. अरे देवा! तेव्हा आपण कुजबुजलो, कारण बाहेर भीती वाटावी अशी माणसं होती. आज ही पोर कुजबुजतेय, कारण आत आपण आहोत!

दोमला शहाणा माणूस. त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "दुआ करू या. रांधलं कुणी, त्यांना बोलवा. त्यांच्यासाठी आधी मागू."

इनोयत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, हात पदराला पुसत.

"बोला, आपा, काय मागू तुमच्यासाठी?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "ओतिनबाईंकडे आज माझं वाचन होतं, दोमला. जमलं नाही. पुढच्या रमजानला जमू दे, एवढंच मागा."

 दोमलांनी दुआसाठी हात पसरले. आणि मग तोलिब-अका उठले.

"पुढच्या रमजानला कशाला?" ते म्हणाले. "बायका थांबल्यात तिकडे. जा आत्ता. झेबो, तूही जा सासूबरोबर."

"अहो, पण भांडी? सत्तर माणसांची! आणि कढई?"

अकांनी कढईकडे पाहिलं. कढई जुनी, काळी, न्हाणीइतकी मोठी. मग त्यांनी नव्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"ती मी घासतो!"

"तुम्हाला येतं?"

"नाही येत. तुला तरी दोन हिवाळ्यांपूर्वी कुठे वाचता येत होतं?" मग फाटकाकडे वळून ते म्हणाले, "आणि साबोहत! गा! मोठ्यानं गा! आजोबांचा रोजा सुटला!"

पोरीला खरं वाटेना. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे. आणि मग जी आरोळी उठली, ती ऐकून नेमतचं कुत्रं घरात पळालं.

दुआ झाल्यावर पाहुणे उठले, पण बरेचसे गेले नाहीत. यजमान कढईत कमरेपर्यंत वाकलेला पाहून कोण जाणार? नेमतनं राख आणली, दोमलांनी वाडगे पुसायला घेतले. अकांच्या टोपीवर काजळी, दाढीवर काजळी. "पहिल्या रांगेत उभे राहा उद्या असेच," नेमत म्हणाला, "ओळखू येणार नाही कुणाला!"

इनोयत परतली तेव्हा कढई अजून अर्धीच झाली होती.

"कसं झालं?" अकांनी विचारलं.

"दोन ठिकाणी अडखळले."

"मोठ्यानं वाचलंस?"

"गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात."

"मला नाही आलं. कढईत डोकं होतं. आता वाच."

"आत्ता? हळू आवाजात..."

"हळू कशाला? मोठ्यानं!"

तिनं वाचलं. त्याच दोन ठिकाणी पुन्हा अडखळली. अका राखेचे हात बाजूला धरून ऐकत राहिले. कोठीत कुजबुजत शिकलेले ते शब्द आपल्या अंगणात मोठ्या आवाजात त्यांनी इतक्या वर्षांत ऐकलेच नव्हते.

मंडळी, उपाशी राहणं काही फार कठीण नाही. आमच्या गल्लीतला लंगडा बोकासुद्धा ते करतो. आपल्या उपासाचा चटका घरच्यांना बसू न देणं कठीण. मशिदीत, दुकानात, चार लोकांत आपण जेवढे चांगले असतो, तेवढेच उंबऱ्याच्या आत असावं. धर्म जर फाटकाशी थांबत असेल, तर तो आपला नव्हे, शेजाऱ्यांना दाखवायचा आहे. तुमच्या दाराशी पोरं कशी गातात, ते एकदा कान देऊन ऐका.

उरला हिशेब. कारभाराच्या किल्ल्या नेमत पाववाल्याला मिळाल्या. पहिल्या रांगेतली जागा ज्यानं लवकर यावं त्याची, ती आहे तशीच राहिली. कोंबडा दुसऱ्या दिवशीच परत आला आणि भरदुपारी आरवू लागला. अका जागेच असत, बायको वाचायला गेली की गाजरं चिरत, जाडजूड आणि वाकडीतिकडी. सत्तर रोजांचं पुण्य कुणाच्या नावावर चढलं ते लिहिणाऱ्यांना ठाऊक. पण त्या घरातल्या रोजांची किंमत कुणी चुकवली, हे आम्हालाही ठाऊक आहे: तीस वर्षं इनोयतनं, आणि त्या गुरुवारपासून, कढईपासून सुरुवात करून, तोलिब-अकांनी.