बघणाऱ्याची जागा

"अवो, पेज गार झाली!" खडकाच्या पायथ्याशी उभं राहून गुणवंतीने पुन्हा हाक मारली.

"ठेव तिथंच. माझी पाळी आलेय."

"बारा वाजल्यापासून तुमचीच पाळी. बाकीची माणसं मेली काय?"

"हलू नको गो. रेंज जाईल."

गुणवंतीच्या हलण्याने रेंज जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको नवऱ्याचा नाही तर निदान रेंजचा मान ठेवते.

मालगुंडाच्या अलीकडच्या त्या वाडीत घरातून फोनवर कसंबसं बोलता येई, पण नेट चालण्याइतकी धड रेंज मिळे ती फक्त ह्याच खडकावर. समुद्रात घुसलेल्या टेकाडाच्या टोकावरचा हा जांभा दगड खंडूच्या बुडाला नवा नव्हता. वाडीची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं, होती तोवर मासळी हेरायला तो इथेच बसत असे. खाली पुळणीच्या वाळूवर सगळी वाडी दोर घेऊन वाट बघे आणि वर खंडू पाणी बघे. पाण्याखालून काळसर सावली सरकली की उठायचं आणि खांद्यावरचा लाल पंचा हलवायचा. पंचा ज्या अंगाला हले त्या अंगाला होडी जाळं टाकत जाई. तोच पंचा डोक्यावर घेतला, की म्हावरं गेलं, दोर सोडा. एवढ्या कामावर त्याची जिंदगी गेली. पूर्वजांची अक्कल आणि मोबाईल कंपनीची मर्जी एका जागी आली ती फक्त ह्या दगडावर.

आता तो त्या दगडावर बसून ऑनलाइन पोकर खेळत होता.

पोकर म्हणजे तीनपत्तीचा शहरात शिकून आलेला भाऊ. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांच्या समोर, बोली लावायची नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. पैसे खोटे. खऱ्या पैशांचे खेळ सरकारने बंद केल्यापासून माणसं खोट्या पैशांवर खऱ्यासारखीच भांडत होती. टेबलाला सहा जागा. पाळी आली की घटकाभर वेळ मिळे, समोरचं गोल वर्तुळ भराभर विझत जाई. ते विझलं की पत्ते गेले. पुन्हा तसंच झालं की जागाही गेली, आणि बाहेर ताटकळणारा कोणीतरी तिथे बसे.

म्हणून हलायचं नाही. हे खंडूला शिकवावं लागलं नाही. पोटभर भात खाऊन बघायला बसू नये, पाठ टेकू नये, डोळा जड झाला तर टाचेखाली खडा घ्यावा, हे त्याच्या अंगातच होतं. शिवाय पाण्याकडे रोखून बघायचं नाही. थोडं बाजूला बघायचं, म्हणजे पाणी आपणहून दिसतं. पत्त्यांचंही तसंच निघालं.

टेबलावर त्याचं नाव होतं 'गेस्ट'. समोरच्या जागेवर बसायचा 'सोहम रत्नागिरी'. तो त्याचा मुलगा.

सोहम जहाजाच्या लाँड्रीत होता. त्याची रात्रपाळी सुटे तेव्हा आपल्याकडे दुपार असे, आणि झोप येईपर्यंत तो पत्ते खेळे. हे तो आईला फोनवर बोलला. रिचार्जच्या दुकानातला बाळा सोहमचा शाळेतला दोस्त. त्याने खंडूच्या मोबाईलवर तो खेळ टाकून दिला, टेबल दाखवलं, आणि कोणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. बाळाने पाळलेली ही पहिलीच शपथ.

"फोनवर बोला ना सरळ," गुणवंती तेव्हा म्हणाली होती.

"फोन ठेवता येतो गो. माझा आवाज आयकला की ठेवील. पत्ते टाकून कोण उठत नाय."

ठेवण्याला कारण होतं. रापणीचा एक कायदा होता: दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो वाडीतला असो, नाहीतर वाटेने चाललेला पोस्टमन. दारू पिऊन दोराला नुसता लोंबकळणारा काशीरामसुद्धा वाटा घेऊन घरी जाई. कोणाचा हात दोरावरून कधी कोणी काढला नव्हता. तो पहिल्यांदा काढला खंडूने, आणि तोही स्वतःच्या मुलाचा. सोहम दोन महिने दिव्यांच्या बोटीवर कामाला गेला होता. रात्री पाण्यात लख्ख दिवे सोडायचे आणि येईल ती मासळी, पिल्लांसकट, खरवडून न्यायची. परत आला त्या दिवशी रापण लागलेली बघून तो धावत पुळणीवर आला आणि त्याने दोर धरला. खंडू खडकावरून उतरला आणि सगळ्यांदेखत त्याने पोराची बोटं एकेक करून सोडवली. "त्या हातानं आमच्या दोराला लागू नको," म्हणाला. सोहम मागे फिरला. महिन्याभरात जहाजावर गेला. आईला फोन करतो. बाप कसा आहे हे तो विचारत नाही, आणि बाप शेजारी बसून ऐकतोय हे आई सांगत नाही.

पुढे मासळीच येईना म्हणून रापण मोडली. जाळं एका रिसॉर्टने नेलं आणि छोटे दिवे लावून जेवणघराच्या भिंतीवर टांगलं. दिवे लावलेलं जाळं रोज बघत लोक तिथे सुरमई जेवतात. सुरमई परगावाहून येते.

खंडूचा खेळ फार सोपा होता. सोहमला टेबलावरून उठू द्यायचं नाही. सोहमला लहानपणापासून खोटं बोलायची घाई. 'शाळेत गेलो होतो' हे तो उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच सांगून टाकी. टेबलावरही हातात काही नसलं की त्याची बोली झटकन येई. खंडूला कळे. आणि खंडू हातातली राणीची जोडी नाहीतर एक्का गपगुमान टाकून देई. सोहमचे पैसे वाढत. एकदा सोहमने खाली लिहिलं: 'गेस्टभाऊ, घाबरलास?'

खंडूने ते घरी जाऊन गुणवंतीला दाखवलं. "बघ, माझ्याशी बोलला."

"काय बोलला?"

"घाबरलास म्हणतोय."

"मग? घाबरलाव ना?"

"तर."

आज मात्र पेज गार होण्याला कारण होतं. काल आईला फोनवर सांगितलेलं सोहमने डाव सुरू होतानाच इथेही लिहिलं होतं: 'मंडळी, आज शेवटचा दिवस. उद्यापासून दिवसपाळी. खेळ बंद, ॲपपण काढून टाकतोय.'

"लिवलंव काय?" गुणवंतीने खालून विचारलं.

"लिवलंय. पाठवायचं हाय."

"मग पाठवा की!"

"हा डाव होऊ दे."

लिहायचं कसं ते त्याने सकाळीच घरी बाळाकडून शिकून घेतलं होतं. खडकावर बसल्याबसल्या टेबलाखालच्या लिहायच्या पट्टीत दोनच शब्द टिपून ठेवले होते: 'मी बाबा'. शेजारच्या बाणावर बोट टेकलं की झालं. बोट दुपारभर त्या बाणाच्या बाजूला होतं.

गुणवंतीने पेजेचं भांडं दगडावर ठेवलं. "दोन शब्द लिवायला पंचांग बघताव काय?" म्हणाली आणि घराकडे गेली.

खंडूच्या हातात राण्या आल्या. टेबलावर तिसरी उघडली. सोहमने झटकन होते नव्हते ते सगळे पैसे पुढे सारले.

खोटं होतं. खंडू हसला. आता पत्ते टाकायचे, आणि लगेच बाण. ठरलं. वर्तुळ विझायला लागलं.

तेवढ्यात पाखरं ओरडली.

त्याने बघायचं म्हणून बघितलं नाही. मोबाईलकडे बघता बघता बाजूचं पाणी आपणहून दिसलं. टेकाडाच्या डाव्या अंगाला पाणी काळपट झालं होतं आणि ती काळोखी सरकत होती, रुंद, सावकाश, कडेला चकाकत. बांगडा. असा बांगडा रापण मोडल्यापासून कोणी बघितला नव्हता.

खंडू उठला. मोबाईल कधी दगडावर ठेवला, पंचा कधी हातात आला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गुडघे जुने होते, पण पंचा बरोबर डाव्या अंगाला हलत होता.

खाली पुळणीवर दोर नव्हता, होडी नव्हती. तंबू ठोकून राहिलेले चार-पाच पर्यटक होते. त्यातल्या चड्डीवाल्या गृहस्थांनी वर बघितलं आणि आनंदाने दोन्ही हात हलवले. त्यांच्या पत्नीने फोटो काढला.

खंडू पंचा हलवतच राहिला. मग माडांतून गुणवंती बाहेर आली. डोक्यावर पाटी होती, मासळीची, कधीची पडवीत उपडी पडलेली. पंचा हलला की पाटी घेऊन धावायचं, एवढंच तिच्या पायांना ठाऊक. जाळं कुठे टांगलंय ते तिला खंडूइतकंच माहीत होतं. तरी ती पाण्याच्या काठापर्यंत आली आणि उभी राहिली.

मग खंडूला मोबाईल आठवला.

त्याचे पत्ते आपोआप पडले होते. सोहम जिंकला होता, तेवढं चांगलंच झालं होतं. पण पुढची पाळीही येऊन गेली होती. त्याच्या जागेवर कोणी 'राजेंद्र' बसला होता. खालची पट्टी नाहीशी झाली होती, तिच्यातल्या दोन शब्दांसकट. तिथे लिहिलं होतं: 'तुम्ही फक्त बघू शकता.'

वर मजकूर सरकत होता. तेजस्वी नावाची गुहागरची मुलगी, त्याच जहाजावर काम करणारी, लिहीत होती.

'गेस्ट गेला वाटतं.'

'हो ना,' सोहमने लिहिलं. 'कधी उठत नसे. एक पत्ता टाकायला अर्धा जन्म लावायचा. आमच्या म्हाताऱ्यासारखा.'

'मग सुटलास की.'

ह्यावर सोहमचं उत्तर झटकन आलं नाही. खंडू वाट बघत राहिला.

'नाय गं,' सोहमने लिहिलं. 'त्याची जागा ठेवायला हवी होती.'

थोड्या वेळाने सोहमचं नाव विझलं. त्याच्या जागीही कोणीतरी बसलं.

खंडूने मोबाईल खिशात घातला आणि पाण्याकडे बघितलं. काळोखी टेकाडाला वळसा घालून बाहेर चालली होती, कोणाचं काही न घेता. ती पार दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. मग त्याने लाल पंचा नीट उलगडला आणि डोक्यावर घेतला.

खाली गुणवंतीने तो बघितला. तिने पाटी वाळूवर उपडी केली, तिच्यावर बसली, आणि तो उतरून येईपर्यंत वर बघत राहिली.