लुगड्याची चिंधी

मी उंब्रजच्या एका शाळेच्या कपाटात राहणारी जुनी कादंबरी आहे. माझं नाव 'काळ्या ओढ्याच्या चेटकिणी'. सांगलीच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शाईचा वास जायच्या आतच मला शिवलं, कापलं आणि वर गुळगुळीत मुखपृष्ठ चढवलं. त्यावर मोकळ्या केसांच्या चार मुली आहेत. माझ्या गोष्टीतल्या या मुली शाळेत जातात, वाऱ्याशी बोलतात आणि छळणाऱ्या माणसांना मंत्राने वठणीवर आणतात.

मित्रांनो, सुरुवातीला माझे फार लाड झाले. मुली माझ्यासाठी भांडायच्या. कपाटाची किल्ली सांभाळणारे सुमंत सर हसून म्हणायचे, "एवढी उडी गणिताच्या पुस्तकावर मारा कधीतरी!" मला तेव्हा अभिमान वाटायचा. आज ते आठवलं की मान खाली जाते.

नववीतल्या मयूरी आणि प्रियदर्शनी या जिवलग मैत्रिणी. शाळेमागच्या चिंचेखाली बसून त्यांनी मला दोनदा वाचून काढलं. त्या एकमेकींना चेटकिणींच्या नावांनी हाका मारायच्या. तोवर सगळी गंमतच होती.

मग एके दिवशी मयूरीच्या शेजारच्या अर्जुनाकाकांनी तिच्या आजोबांचे, म्हणजे आबांचे कान भरले. "पोरगी स्टँडवर पोरांशी खिदळत हुती," एवढंच ते म्हणाले. आबांनी तिची सायकल काढून घेतली. मयूरी रडली, चिडली आणि तिने माझं नववं प्रकरण उघडलं. त्यात चेटकिणी चिंधीची बाहुली करतात, तिला टाचण्या टोचतात आणि वैऱ्याच्या दारी बांधतात.

मयूरीच्या दप्तरात हिरव्या लुगड्याचा जांभळा काठ होता. शिवणाच्या तासाला हवा म्हणून तिने तो लीलामावशींकडून मागून आणला होता. लीलामावशी एकट्या राहायच्या. मिरची-मसाला कुटायचा डंक त्या चालवायच्या. उन्हाळा लागला की अर्ध्या गावाची वर्षाची चटणी त्यांच्या हातची असायची.

"नको गं," प्रियदर्शनी म्हणाली. "आपली गंमत आपल्यापाशी."

"काय हुतंय? गोष्टच तर हाय," असं म्हणून मयूरीने त्या काठाची बाहुली केली आणि अर्जुनाकाकांच्या गोठ्यातल्या लाकडी मेढीला बांधली.

त्याच आठवड्यात काकांची गाभण म्हैस पोट फुगून मेली. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "कोवळी ज्वारी खाल्ली तिनं. दुसरं काही नाही." पण म्हैस ओढून बाहेर काढताना बाहुली दिसली, आणि मग डॉक्टरांचं कोण ऐकतं? काठ कुणाच्या लुगड्याचा ते बायांनी लगेच ओळखलं. माणसं लीलामावशींच्या दारात गोळा झाली. मयूरी शाळेतून परतत होती. तीही गर्दीत थांबली. मी तिच्या दप्तरात होते. दप्तराच्या फटीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"लुगडं तुजंच न्हवं?" अर्जुनाकाका ओरडले.

"व्हय, माजंच हाय," लीलामावशी म्हणाल्या.

"मग करणी बी तुजीच! म्हस खाल्लीस माजी!"

"आवं, मी कशाला कुणाचं वाईट करू? चिंधी मी दिली हुती कुणाला तरी."

"कुणाला? नाव सांग!"

दप्तराचा पट्टा मयूरीच्या मुठीत आवळला गेला होता. मावशींची नजर गर्दीतून फिरत तिच्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"ध्यानात न्हाई," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या पानापानांत मंत्र आहेत, पण त्या वेळी मला एक शब्दही उच्चारता आला नाही. मयूरीला येत होता. तीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीने तिला चिंचेखाली गाठलं. "सांगून टाक मयूरी."

"तू सांग की. तू बी हुतीस."

"मी सांगितलं तर लोक आमच्या वस्तीवर येतील. बौद्धवाड्यातल्या पोरीनं करणी केली म्हणतील. तुझं ऐकून तरी घेतील. सांगणार हायस का न्हाई?"

मयूरी दप्तर उचलून वर्गाकडे निघाली. त्यानंतर प्रियदर्शनी तिच्या शेजारी बसेना.

ऐन चटणीच्या दिवसांत लीलामावशींचा डंक थांबला. मिरच्या घेऊन बाया पलीकडच्या गावी जाऊ लागल्या. मुलं त्यांच्या दारावरून नाक दाबून पळायची. मयूरीने मला धान्याच्या कोठीमागे लपवलं. ताटात चटणी आली की ती जेवणावरून उठायची. आई विचारायची, "पोटात दुखतंय का गं?" ती नुसती "व्हय" म्हणायची.

एका सकाळी मावशींच्या दाराला कुलूप दिसलं. कुणीतरी म्हणालं, "गेली बहिणीकडं, सांगलीला. बरं झालं, पीडा गेली." ते ऐकून मयूरी घरात धावली, तिने मला कोठीमागून ओढून काढलं आणि ती थेट अर्जुनाकाकांच्या अंगणात गेली. आबा तिथेच चहा पीत बसले होते.

"काका, बाहुली मी बांधली," ती म्हणाली. "ह्यात वाचून. चिंधी मावशींनी मला शिवणासाठी दिली हुती. त्यांना ठाऊक हुतं, तरी माझं नाव घेतलं न्हाई त्यांनी."

आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं अंगणाशी जमली. आबांनी मला तिच्या हातातून हिसकावलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. "ह्या पुस्तकानं नासवली पोरगी!"

"पुस्तकानं न्हाई आबा. मी केलं."

तिने मला उचललं, ओढणीने पुसलं. माझा कणा तेव्हापासून मोडलेला आहे.

रविवारी आबा तिला सांगलीला घेऊन गेले; तिच्या दप्तरात मीही होते. अर्जुनाकाका आले नाहीत. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाले. लीलामावशी हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडत होत्या. हात पिवळेजर्द झाले होते. मयूरीने त्यांचे पाय धरले.

"मावशी, माझं नाव का न्हाई घेतलं तुमी?"

"माजं तर गेलंच हुतं बाळा. तुजं कशाला घालवायचं?"

"चला ना घरी. मी सगळ्यांना सांगितलंय."

मावशींनी हातातलं हळकुंड ढिगात टाकलं. "त्यांनी ऐकलं असंल. पर आता माज्या हातची चटणी खाताना परत्येक जण आदी वास घेऊन बघंल. न्हाई जमायचं मला. तू जा. शीक."

परतताना उंब्रजला एसटीतून उतरल्यावर आबांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. सुमंत सरांनी माझ्या कण्याला कापडी पट्टी लावली. मित्रांनो, मला उघडायला घाबरू नका. माझ्या चेटकिणी पुस्तक मिटलं की मुकाट झोपतात. पण जित्या माणसाला कुणी चेटकीण म्हणत असेल आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर एक दिवसही थांबू नका. मयूरी थांबली होती. मीही तिच्या दप्तरात गप्प पडून होते.

शनिवारी ती पाचवीच्या मुलींना मला वाचून दाखवते. प्रियदर्शनी मागच्या बाकावर येऊन बसते. नवव्या प्रकरणाशी मयूरी थांबते आणि लीलामावशींची गोष्ट सांगते, स्वतःच्या नावासकट. परवा एका चिमुरडीने विचारलं, "मग त्या परत आल्या का?"

"न्हाई," मयूरी म्हणाली आणि माझ्या कण्यावरची सुटत आलेली पट्टी तिने अंगठ्याने दाबून बसवली.