मोज्याचे पाच तास

मुलांनो, थोडा वेळ पुस्तक मांडीवर ठेवा आणि एक कल्पना करा. ज्या हाताने तुम्ही लिहिता, जेवता, दात घासता, त्या हातावर कोणीतरी उशीसारखा जाड मोजा चढवला आहे. बोटं आत बंद, मनगटाशी पट्टा. उरला दुसरा हात. पण तो तुमचं ऐकतच नाही. झोपेत अंगाखाली दबून बधिर झालेला हात आठवतो ना? तसाच, फक्त याचा बधिरपणा जात नाही. आता या हाताने शर्टाचं बटण लावा. चमचा उचला. असं पाच तास करा.

चिडलात? मग मिरीचे बाबा तुम्हाला समजतील.

मिरी नऊ वर्षांची. अंगाने एवढीशी आणि बोलायला झणझणीत, म्हणून बाबांनीच तिला मिरी म्हणायला सुरुवात केली. ती रांगत होती तेव्हाच आई गेली. घरात बाबा, आत्या आणि ती. बाबांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं केस कापायचं दुकान होतं. दोन आरसे, दोन खुर्च्या. एका सकाळी बाबांच्या डाव्या हातातला कंगवा गळून पडला. तो उचलायला वाकले आणि स्वतःच कोसळले. अर्धांगाचा झटका होता. महिन्याभरात चालायला लागले, पण डावा हात आला नाही. आणि केस कापायला दोन्ही हात लागतात. उजव्यात कात्री, डाव्यात कंगवा. कंगव्याने केस उचलून धरलेच नाहीत, तर कात्री कापणार काय?

इस्पितळात तेव्हा एक अभ्यास चालू होता. चांगला हात सगळी कामं उरकतो, म्हणून दुबळा हात बसूनच राहतो. चांगल्यालाच मोज्यात बंद केलं, तर दुबळा शिकेल का? नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त शिकेल का? हे नक्की कळावं म्हणून निम्म्या रुग्णांना मोजा द्यायचा आणि निम्म्यांना नेहमीचा व्यायाम. कोणाला काय, हे डॉक्टरही ठरवत नसत आणि रुग्णही नाही. बंद पाकीट उघडायचं, आत जे निघेल ते.

बाबांच्या पाकिटात मोजा निघाला.

"आयुष्यात पहिल्यांदा सोडतीत नंबर लागला," बाबा म्हणाले, "आणि बक्षीस काय, तर एक मोजा. तोही एकाच हाताचा!"

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट वरच्या मजल्यावर बसायची. मिरीने तिला व्यायामताई करून टाकलं. खालच्या खोलीत मोजमाप घेणारी दुसरी बाई असायची. तिच्या टेबलावर एक लाकडी पेटी होती, मधोमध आडवी फळी. एका मिनिटात फळीच्या अलीकडचे किती ठोकळे पलीकडे टाकता येतात, ते ती मोजायची. ती ठोकळेताई. बाबांच्या डाव्या हाताने पहिल्या दिवशी सात ठोकळे टाकले.

व्यायामताईने घरी न्यायला एक वही दिली. दोन आठवडे, रोज एक पान. मोजा किती तास घातला, ते लिहायचं.

"रोज पाच तास तरी हवेतच," ती म्हणाली. "झटक्यानंतरचे हे पहिले महिनेच हाताला शिकवायचे असतात. नंतर तो फार सावकाश शिकतो."

आता वही लिहिणार कोण? बाबांचा लिहिता हातच मोज्यात. आत्या सकाळी कामाला जायची ती संध्याकाळी परतायची. मिरीला शाळेची सुट्टी होती.

"मी लिहीन," मिरी म्हणाली.

"अक्षर नीट काढ हो," आत्या म्हणाली. "नाहीतर बाबांच्या हाताआधी तुझाच इलाज करावा लागेल."

पहिल्या दिवशी जेवायला उकडलेले बटाटे होते. बाबांनी डाव्या हाताने चमचा धरला. बटाट्याचा तुकडा चमच्यावर चढला, तोंडाजवळ गेला आणि मांडीवर पडला. दुसरा शर्टाच्या गळ्यात पडला. तिसऱ्या वेळी चमचाच खाली गेला. बाबा तो उचलायला वाकले नाहीत. मान खाली घालून बसले, आणि मिरीने पाहिलं की त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकतंय.

मिरीने बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती उठली आणि मोज्याचा पट्टा सोडला.

"काढूया बाबा. भूक लागलीये ना तुला?"

"मिरे, नको गं. पाच तास..."

"जेवण झालं की परत घालू."

जेवण झाल्यावर बाबांना झोप लागली. मोजा खुंटीवरच राहिला. संध्याकाळी आत्याने दारातूनच विचारलं, "मोजा घातला होता ना रे दादा?" बाबा काही बोलायच्या आत मिरी म्हणाली, "हो." आणि वहीत लिहिलं: पाच.

मोजा खरं तर चाळीस मिनिटंच हातात होता. तसं लिहिलं, तर बाबांना अभ्यासातून काढून टाकतील, असं तिला वाटलं. तसं कोणीच म्हटलं नव्हतं. पण विचारायचं कोणाला?

पुढेही तेच झालं. एक दिवसाआड इस्पितळात बाबा घाम गाळायचे. घरी बटण लागेना, नळ फिरेना, की त्यांचा चेहरा उतरायचा आणि मिरीचा हात पट्ट्याकडे जायचा. कधी अर्धा तास, कधी वीस मिनिटं. वहीत मात्र पाच, पाच, पाच. एकदा तर साडेपाच. रोज तेच बरं दिसत नाही म्हणून.

दोन आठवड्यांनी ठोकळेताईने पुन्हा पेटी मांडली. मिरी दाराच्या काचेतून बघत होती. घंटी वाजली. बाबांनी आठ ठोकळे टाकले होते.

वर व्यायामताईने वही चाळली. तिचा आवाज मऊ होता.

"भाऊ, तुमच्याकडून काही कमी पडलेलं नाही. घरी रोज पाच तास, एकही दिवस चुकला नाही. एवढं करूनही हात फारसा हलला नाही, म्हणजे... आता एका हाताने कामं कशी करायची, ते शिकायला लागूया. हे सगळं वहीप्रमाणेच झालं ना?"

बाबांनी वहीकडे पाहिलं. मग मिरीकडे पाहिलं. मिरीला वाटलं, आता जमीन दुभंगेल.

"हो," बाबा म्हणाले. "वहीत आहे तसंच."

संध्याकाळी जोडीदारकाका आले. इतके दिवस त्यांनी बाबांच्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकून ठेवला होता, कोणी चुकून बसू नये म्हणून. बाबा त्यांना म्हणाले, "टॉवेल काढ आता. दुसरा कारागीर बघ."

"अरे, घाई काय आहे? खुर्ची काय पळून चाललीये?"

"खुर्ची नाही पळत रे. गिऱ्हाइकं पळतात."

काका हसले नाहीत. बाबाही हसले नाहीत.

मिरी बाबांजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, तू खोटं का बोललास?"

"कधी?"

"वहीचं."

बाबांनी उजव्या हाताने तिचे केस मागे सारले. "माझ्यासाठीच केलंस ना ते? मग माझंच झालं की ते. आणि मोजा काढायला मी तरी कुठे नाही म्हणालो? सोड आता."

पण मिरीला सोडवेना. सकाळी ती आत्याला म्हणाली, "मला इस्पितळात घेऊन चल." तिचं तोंड बघून आत्याने लगेच पायात चपला घातल्या. पोचल्यावर मिरी जी धावली, ती समोरच्याच खोलीत शिरली.

"बाबांचा मोजा मी..."

"थांब, थांब!" ठोकळेताईने दोन्ही कान झाकले. "मला नको सांगूस बाळा! कोणाला मोजा आणि कोणाला नाही, हे मला कळताच कामा नये. कळलं तर माझ्या नकळत मी एखादा ठोकळा जास्त मोजेन. वर जा, वर."

म्हणजे एवढं जपून मोजत होती ती. मिरी जिन्यातच रडायला लागली.

व्यायामताईने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, "असू दे"ही म्हणाली नाही.

"मग बाबांना पुन्हा घ्या ना," मिरी म्हणाली. "पहिल्यापासून. मी नाही काढणार मोजा. शप्पथ."

"अभ्यासात दुसरी पाळी नसते, राणी. पाकीट एकदाच उघडतं. मोजा पुरेसा घातला नसला, तरी बाबांचे आठ ठोकळे मोज्याच्या गटातच राहतील. अभ्यासाबाहेर मी त्यांना शिकवेन, सोमवारपासूनच. पण गेलेले दिवस मला परत आणता येणार नाहीत."

"आणि वही?"

"ती वाचून उद्या दुसरे डॉक्टर म्हणतील, रोज पाच तास मोजा घालूनही हात येत नाही. मग त्यांच्या रुग्णांना ते मोजा देणारच नाहीत."

मुलांनो, तुम्ही विचाराल, बाबांचा हात आला का? मी खोटं सांगणार नाही. थोडा आला. पेला धरण्याइतका, दाराची कडी सरकवण्याइतका. कंगवा धरण्याइतका नाही आला. मोजा पहिल्यापासून पाच तास घातला असता, तर आला असता का? ते कोणालाच माहीत नाही. मिरीला आयुष्यभर कळणार नाही.

पण त्या सकाळी तिने काय केलं, ते सांगतो. व्यायामताईने वही तिच्यापुढे ठेवली. मिरीने खोडरबर मागितलं. ताई म्हणाली, पुसायचं नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि आजची तारीख टाकायची. मिरीने पहिल्या पानावरच्या पाचवर रेघ मारली आणि लिहिलं: चाळीस मिनिटं. मोजा मी काढला. दुसऱ्या पानावर लिहिलं: वीस. तिसऱ्यावर अर्धा तास. चौथ्या पानावर तिचा हात थांबला. त्या दिवशी किती वेळ घातला होता, ते काही केल्या आठवेना. पेन्सिलीचं टोक बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मग तिने रेघ मारली, शेजारी लिहिलं, "आठवत नाही", आणि पान उलटलं.